लेखी निकाह आणि पडद्यावरचा स्पर्श : लोकप्रिय मलय कादंबरीचे चित्रपटरूप

मलय भाषेत हलक्या, बाजारू कादंबरीला ‘पिचिसान’ म्हणतात. ‘पिचिस’ म्हणजे दहा सेंटांचे नाणे. दहा सेंटांत मिळणारी आणि तेवढ्याच लायकीची कादंबरी, असा या शब्दाचा रोख. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमात्रातील मेदानहून निघणाऱ्या स्वस्त कथापुस्तकांना चिकटलेले हे विशेषण पुढे मलाया द्वीपकल्पातही रूढ झाले. नाणे चलनातून गेले, पुस्तकांची किंमत शेकडो पटींनी वाढली, तरी शब्द तसाच राहिला. समीक्षेतील काही शब्द वर्णनासाठी नसतात, दार लावून घेण्यासाठी असतात. ‘पिचिसान’ हा त्यांपैकी एक.

या दाराच्या आत १९५६ साली स्थापन झालेली ‘देवान बहासा दान पुस्ताका’ ही भाषासंस्था, १९८१ पासून दिला जाणारा राष्ट्रीय साहित्यिकाचा सन्मान, अभ्यासक्रमांत लागणाऱ्या कादंबऱ्या आणि त्यांवरील प्रबंध अशी सारी व्यवस्था आहे. दाराबाहेर आहेत ‘आलाफ २१’सारख्या प्रकाशनसंस्था, चारपाचशे पानांच्या प्रेमकादंबऱ्या आणि त्या वाचणारा, प्रामुख्याने स्त्रियांचा, प्रचंड वाचकवर्ग. मलेशियातील चित्रपट व त्यापाठोपाठ दूरदर्शन मालिका या दोहोंपैकी कोणाकडे वळल्या हे सांगण्याची गरज नाही. आहादियात आकाशाह यांच्या १९८०च्या दशकातील ‘लागेंदा बुदाक सेतान’ या कादंबरीवर शरद शरण या भारतीय नावाच्या दिग्दर्शकाने २०१० साली चित्रपट केला आणि पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले. फौझिया आशारी यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओम्बाक रिन्दू’ (‘ओढीच्या लाटा’) या कादंबरीवरील उस्मान अली यांच्या चित्रपटाने २०११-१२ मध्ये एक कोटी रिंगिटहून अधिक उत्पन्न मिळवले. मलय चित्रपटाच्या लहान बाजारपेठेत हा आकडा मोठा होता.

या रूपांतरांविषयी झालेली चर्चा दोनच वाटांनी गेलेली दिसते. चित्रपट कादंबरीशी कितपत प्रामाणिक राहिला, ही वाचकांची वाट. मुळातच कादंबरी सुमार, मग चित्रपटाकडून अपेक्षा कसली, ही अभ्यासकांची. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला माध्यमाचा विचार करावा लागत नाही. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला कादंबरी वाचावीही लागत नाही. दोन्ही वाटा सोडून एक वेगळा प्रश्न विचारण्याजोगा आहे. लोकप्रिय मलय प्रेमकादंबरीची जी रचना आहे, ती केवळ शब्दांतच उभी राहू शकते अशा एका गृहीतावर आधारलेली असेल, तर चित्रपटात त्या गृहीताचे काय होते?

हे गृहीत समजून घेण्यासाठी या कादंबरीप्रकारातील विवाहाचे स्थान पाहावे लागते. इंग्रजी प्रेमकादंबरीत विवाह हे कथेचे शेवटचे स्थानक असते. भेट, गैरसमज, दुरावा, कबुली आणि मग विवाह. मलय लोकप्रिय कादंबरीच्या एका फार मोठ्या प्रवाहात हा क्रम उलटा आहे. विवाह आधी, प्रेम मागाहून. नायक-नायिका एकमेकांना ओळखत नाहीत, किंवा एकमेकांचा तिटकारा करतात; परंतु काहीतरी घडते आणि त्यांचा निकाह होतो. घडणारी गोष्ट कधी वडीलधाऱ्यांचा हट्ट असते, कधी करार, कधी कपट. आयशा सोफेया यांच्या ‘आदाम आणि हावा’ या कादंबरीत, जिच्यावर २०१२ साली गाजलेली मालिका निघाली, दोघे ‘खल्वत’च्या आरोपात सापडतात आणि त्यांना लग्न करावे लागते. खल्वत म्हणजे निकाह होऊ शकेल अशा परक्या स्त्रीपुरुषांनी एकांतात असणे; मलेशियाच्या शरियत कायद्यांत तो अपराध आहे. (मराठीतील ‘खलबत’ हा शब्द याच अरबी शब्दावरून आलेला. मराठीत त्याला राजकारणाचा वास लागला, मलयमध्ये शयनगृहाचा.) ‘सुआमी’ म्हणजे नवरा, संस्कृत ‘स्वामी’पासून आलेला शब्द, तो शीर्षकातच मिरवणाऱ्या कादंबऱ्यांची आणि मालिकांची रांगच लागलेली आहे. ‘प्लेबॉय इतू सुआमी आकू’, ‘तो प्लेबॉय माझा नवरा’, हे त्यांपैकी एक बोलके उदाहरण.

क्रम उलटा का, याचे उत्तर धर्मनीतीत आहे, परंतु ते केवळ उपदेशाचे उत्तर नाही. या कादंबऱ्यांची वाचक श्रद्धावान आहे आणि तिला प्रेमकथाही हवी आहे. प्रेमकथेत जवळीक हवी. विवाहापूर्वीची जवळीक निषिद्ध. तेव्हा कादंबरीकार पहिल्या शंभर पानांतच दोघांना नवराबायको करून टाकतो आणि मग उरलेल्या चारशे पानांत त्यांचे प्रियाराधन निर्वेधपणे चालू देतो. रुसवा, मत्सर, चोरटा स्पर्श, एकाच खोलीतील दोन बिछाने हा सारा ऐवज आता हलाल आहे. निकाह येथे कथेचा शेवट नसून परवाना आहे. या युक्तीला दांभिक म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण तिच्यामागे असलेले रचनेचे चातुर्य नाकारता येत नाही. शृंगार आणि नीती यांचा मेळ घालण्याचा प्रश्न अनेक साहित्यांनी आपापल्या परीने सोडवला आहे. हा त्याचा मलय शहरी मध्यमवर्गाने काढलेला तोडगा होय.

‘ओम्बाक रिन्दू’मध्ये हाच तोडगा त्याच्या सर्वांत कठीण रूपात येतो. इझ्झा ही गावातील पोरकी, धार्मिक वळणाची मुलगी. तिचा मामाच तिला शहरात देहविक्रीच्या धंद्यात विकतो. तेथे तिच्यावर बळजोरी करणारा पुरुष हारिझ, श्रीमंत घरातील मुलगा, तिला तेथून बाहेर काढतो. पण सोडवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी ठेवण्यासाठी. इझ्झा त्याच्याकडे एकच गोष्ट मागते. निकाह. पत्नी म्हणून कोणताही हक्क सांगणार नाही, या बोलीवर तो मान्य करतो. पुढची कथा गुप्त पत्नीची, आईने सून म्हणून पसंत केलेल्या मिला या अभिनेत्रीची, आणि हारिझच्या हळूहळू होणाऱ्या पालटाची आहे.

या कथेत काय आक्षेपार्ह आहे ते उघड आहे. बलात्कारी पुरुष नायक होतो आणि पीडित स्त्री त्याच्यावर प्रेम करू लागते. पण एवढे म्हणून थांबणाऱ्या वाचनात इझ्झाच्या मागणीकडे दुर्लक्ष होते. तिच्याजवळ पैसा नाही, माणसे नाहीत, पळून जायला जागा नाही. तिच्या जगात तिला उपलब्ध असलेली एकमेव सत्ता म्हणजे एक धार्मिक उच्चार, आणि तो ती हारिझच्या तोंडून वदवून घेते. त्याला तो उच्चार क्षुल्लक वाटतो. तिला तो सर्वस्व वाटतो. पुढे कथा तिच्या बाजूने झुकते ती याच फरकामुळे. ज्याने शब्द सहज दिला, तो त्या शब्दात अडकत जातो. कादंबरीची नीती मान्य नसणाऱ्यालाही हा डाव जाणत्या हाताने मांडलेला आहे हे मान्य करावे लागेल.

जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात अमेरिकेतील एका गावच्या प्रेमकादंबरी वाचणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांचे एक निरीक्षण येथे उपयोगी पडते. नायकाचे क्रौर्य या वाचकांना क्रौर्य म्हणून आवडत नाही. ते प्रेमाचे चुकलेले रूप होते, असा अर्थ त्या मागे वळून लावतात, आणि कादंबरीचा शेवट त्यांना तो अर्थ लावू देतो. म्हणजे पहिल्या प्रकरणातील प्रसंग शेवटचे प्रकरण वाचल्यावर पुन्हा लिहिला जातो. हे पुनर्लेखन होण्यासाठी अवधी लागतो. चारशे पाने, अनेक दुपारी, मधले स्वयंपाक आणि मुलांच्या शाळा एवढा सारा काळ वाचकाच्या मदतीला असतो. ‘ओम्बाक रिन्दू’च्या वाचकालाही तो असतो. हारिझचे मन तिला निवेदक उघडून दाखवतो; त्याचा पश्चात्ताप त्याला स्वतःला कळण्याआधी तिला कळतो.

चित्रपटाला दोन तास असतात आणि निवेदक नसतो. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ सालीच दाखवून दिले होते की कादंबरीला विचार थेट सांगता येतो आणि चित्रपटाला तो केवळ बाह्य खुणांवरून सुचवावा लागतो. ब्लूस्टोनांच्या या भेदावर पुढे बरीच टीका झाली असली, तरी या विशिष्ट प्रकारात त्याची प्रचीती येते. हारिझच्या अंतर्मनाची जागा पडद्यावर कशाने भरून निघते? नटाच्या चेहऱ्याने. हारिझ येथे पहिल्या दृश्यापासूनच आरोन अझीझ आहे. त्याच २०११ साली ‘केएल गँगस्टर’मध्ये त्याने तुरुंगातून सुटून आलेल्या, मनाने चांगल्या असलेल्या गुंडाची भूमिका केली होती, आणि त्याच वर्षीच्या ‘नोरा एलेना’ या, कादंबरीवरूनच निघालेल्या मालिकेत तो अशा नायकाच्या भूमिकेत होता, ज्याने भूतकाळात नायिकेवर लैंगिक आक्रमण केलेले असते आणि जो पुढे तिचा नवरा होतो. प्रेक्षकाने त्याला पाहताक्षणीच क्षमा केलेली असते. कादंबरीने चारशे पानांत जी क्षमा कमावली, ती चित्रपट भूमिकावाटपातच उरकून टाकतो.

इझ्झाच्या बाबतीत मात्र याच यंत्रणेतून उलटा परिणाम घडतो, आणि तो कोणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. इझ्झा झालेल्या माया करीनची मलय प्रेक्षकाच्या मनातील प्रतिमा घडली ती शुहाइमी बाबा यांच्या ‘पोन्तियानाक हारुम सुंदल मालाम’ (२००४) या चित्रपटाने. त्यात ती एका पुरुषाच्या हव्यासापायी मारली गेलेली आणि पोन्तियानाक होऊन, म्हणजे मलय लोकसमजुतीतील स्त्री-पिशाच्च होऊन, सूड घ्यायला परतणारी नर्तकी होती. जो चेहरा सूडाचा म्हणून लक्षात राहिला, त्याच चेहऱ्यावर आता सहनशीलता पाहायची आहे. नुसत्या साध्या, सोशिक मुलीचे जे चित्र कादंबरी शब्दांत रंगवते, ते या चेहऱ्यावर पुरते बसत नाही. हा दोष की लाभ, याविषयी मतभेद होऊ शकतील; चित्रपटातील उत्कट क्षण मात्र याच न बसण्यातून आलेले आहेत.

एवढ्यावरून कादंबरी आणि चित्रपट यांतील फरक अंतर्मन आणि चेहरा यांचा आहे, असे म्हणून थांबता आले असते. परंतु खरा पेच निकाहाच्या दृश्यात आहे. निकाहात वराने स्वीकाराचे शब्द उच्चारायचे असतात, वली आणि साक्षीदार यांच्यासमक्ष. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत हा कृतिरूप उच्चार होय. येथे बोलणे हेच करणे असते. ऑस्टिननेही आपल्या विवेचनात विवाहविधीतील स्वीकाराचेच उदाहरण घेतले होते. आणि त्यानेच असे बजावले होते की रंगमंचावरील नटाने केलेला असा उच्चार पोकळ असतो. गंभीर भाषेवर वाढलेले ते बांडगूळ असून त्याचा विचार बाजूला ठेवावा. देरिदाने यावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. कोणताही विधी पुनरुच्चारावरच उभा असतो, तेव्हा नटाचा उच्चार हा अपवाद नसून सर्वच उच्चारांचे स्वरूप त्यातून उघड होते, असा त्याचा युक्तिवाद.

ऑस्टिन–देरिदा वाद हा तत्त्वज्ञांच्या दालनातील वाटतो. मलेशियात तो घराघरांतील आहे. विवाह, तलाक आणि रुजू या तीन गोष्टी थट्टेत उच्चारल्या तरी खऱ्याच मानल्या जातात, अशा आशयाचा हदीस सर्वश्रुत आहे. मग नटाने दृश्यात उच्चारलेल्या निकाहाचे काय, हा प्रश्न धर्माच्या जाणकारांना गंभीरपणे विचारला जातो. वली खरा नाही, हेतू नाही, म्हणून तो विवाह होत नाही असे उत्तर दिले जाते, आणि ते पुरेसेही आहे. पण या उत्तराची दुसरी बाजू अशी की निकाह झाला नसेल, तर त्यानंतरचा स्पर्श हा परक्या स्त्रीपुरुषांचा स्पर्श ठरतो.

येथे कादंबरीप्रकाराचे मूळ गृहीत कोसळते. कादंबरीत निकाहही शब्दांचा आणि स्पर्शही शब्दांचा. दोन्ही एकाच द्रव्याचे बनलेले असल्याने एकाने दुसऱ्याला परवाना देणे शक्य होते. वाचक निश्चिंत असते. हारिझ आणि इझ्झा हे नवराबायको आहेत, त्यांच्यापलीकडे तेथे कोणी नाही. पडद्यावर मात्र निकाह लटका असतो आणि स्पर्श खरा. हारिझने इझ्झाचा हात धरला की आरोन अझीझने माया करीनचा हात धरलेला असतो. पात्रांना मिळालेला परवाना नटांना लागू होत नाही. परस्परांशी विवाहसंबंध नसलेल्या नटनटींच्या शारीरिक जवळिकीवरून मलेशियात पुनःपुन्हा उठणारे वाद हे सनातनीपणाचे लक्षण म्हणून सांगितले जातात. तसे ते असतीलही. पण कादंबरीच्या रचनेत काय दडले होते, याचे ते अजाणता केलेले समीक्षणही आहे.

याचा परिणाम कथेच्या तोलावर होतो. कादंबरीत बळजोरी एका ठिकाणी आणि विवाहानंतरचा मृदू शृंगार अनेक ठिकाणी विखुरलेला असतो. मागचे पुढच्याने झाकले जाते. चित्रपटाला, परिनिरीक्षणामुळे असो की प्रेक्षकांच्या संकोचामुळे, विवाहोत्तर जवळीक आवरती घ्यावी लागते. आरंभीची बळजोरी मात्र सूचकतेने का होईना दाखवावीच लागते, कारण तिच्याशिवाय कथाच सुरू होत नाही. म्हणजे जे हलाल ते गाळले जाते आणि जे हराम ते शिल्लक राहते. हिंसा आणि माया यांचे प्रमाण कोणी न ठरवता बदलते. अशा कथांत बलात्काराला प्रेमाचा मुलामा दिला जातो, हा आक्षेप चित्रपट आणि मालिका यांच्या निमित्ताने मोठ्याने घेतला गेला. पुस्तक नऊ वर्षे घरोघर वाचले जात असताना त्याचा आवाज तेवढा चढला नव्हता. आक्षेप घेणाऱ्यांना कादंबरी ठाऊक नव्हती असे नाही. कादंबरीत तो प्रसंग ज्या आवरणात होता ते आवरण छायाचित्रणात टिकले नाही, एवढेच. या अर्थाने चित्रपट जितका कादंबरीशी प्रामाणिक, तितका तो तिला उघडी पाडणारा ठरतो. दिग्दर्शक उस्मान अली यांनी ‘बुकाक आपी’ (२०००) या चित्रपटात कुआलालंपूरच्या देहविक्रय करणाऱ्यांचे जग जवळून पाहिले होते. त्या अनुभवाचा माणूस ‘ओम्बाक रिन्दू’मधील कोठ्याकडे केवळ कथेची कळ म्हणून पाहतो, याचे आश्चर्य वाटते. हा प्रकाराचा दाब म्हणावा लागेल.

चित्रपटाला या आवरणाची उणीव जाणवली नसेल असे नाही. ती भरून काढण्यासाठी त्याने हाताशी धरले आहे ते गाणे. हाफिझ आणि आदिरा यांनी गायिलेले चित्रपटाचे शीर्षकगीत चित्रपटाइतकेच गाजले. गीत कोणाच्या मनातले आहे हे नेमके सांगावे लागत नाही. स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि हारिझला जे बोलता आलेले नाही ते बोलले गेल्याचा भास होतो. पळून गेलेल्या निवेदकाची ही बदली आहे. मलय पडद्यावर ही बदली नवी नाही आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८७०च्या दशकात पारशी नाटक मंडळ्या पिनांगला खेळ करू लागल्या. त्यांच्या गाण्याबजावण्याचा आणि पडद्यांच्या थाटाचा तेथील लोकांना एवढा नाद लागला की पुढील दशकात त्याच धर्तीवर मलय भाषेत खेळ करणाऱ्या मंडळ्या निघाल्या. हेच ‘बांगसावान’. १९३३ साली सिंगापूरमध्ये निघालेला पहिला मलय बोलपट ‘लैला मजनून’ हा त्याच रंगभूमीच्या कथाभांडारातला. पुढे जालान आम्पास येथील शॉ बंधूंच्या चित्रपटगृहनिर्मितीत बी. एस. राजहंस, एल. कृष्णन, फणी मजुमदार अशा भारतीय दिग्दर्शकांनी हीच परंपरा चालवली. म्हणजे मलय चित्रपट आरंभी कादंबरीचा नव्हे, संगीत नाटकाचा वारस होता. कादंबरी त्याच्याकडे फार उशिरा आली आणि आली तेव्हा तिला गाण्याच्या घरात राहावे लागले.

प्रतिष्ठित कादंबऱ्यांची रूपांतरे या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे भेद अधिक स्पष्ट होतो. शाहनोन अहमद यांची ‘रांजाऊ सपांजांग जालान’ (१९६६) ही केडाह राज्यातील बांग्गुल दर्दाप या खेड्यात घडणारी कथा. लाहुमा आणि जेहा हे भातशेती करणारे जोडपे, त्यांच्या सात मुली, नागाची भीती, खेकडे आणि पाखरे यांनी पिकावर घातलेली धाड, लाहुमाच्या पायात रुतलेला नीबोंगचा काटा, त्याचे सुजत जाणारे शरीर, मृत्यू आणि मग जेहाचे भ्रमिष्ट होणे. येथे कशालाही परवान्याची गरज नाही. चिखल हा चिखलच आहे. जमील सुलोंग यांनी १९८३ साली या कादंबरीवर चित्रपट केला. पण तिचे अधिक विलक्षण रूपांतर १९९४ सालचे, कंबोडियाच्या रिथी पान्ह यांचे ‘नेआक स्रे’. भाषा ख्मेर, गाव कंबोडियातले, काळ नरसंहारानंतरचा. कादंबरीतील देशविशिष्ट असे बरेच काही गळून पडले आहे. राहिले आहेत ते काटा, चिखल, सात मुली आणि वेडी होत जाणारी आई. ज्या देशात शेतकऱ्यांच्या पिढ्याच नाहीशा झाल्या, तेथे भात लावण्याची साधी क्रियादेखील वेगळ्या अर्थाने भरून येते. हे रूपांतर स्पर्धेसाठी कान महोत्सवात गेले. ज्या कथेची ताकद वस्तूंमध्ये आहे ती कॅमेऱ्याला सहज देता येते, इतकेच नव्हे तर एका देशातून दुसऱ्या देशातही नेता येते. ‘ओम्बाक रिन्दू’ची ताकद एका उच्चारात आहे. तो उच्चार जेथे तसाच समजला जाईल त्या समाजाबाहेर ती जाऊ शकत नाही.

एस. उस्मान कलांतान यांच्या ‘जुआरा’ या कादंबरीवरून यू-वेई हाजी सारी यांनी केलेला ‘जोघो’ (१९९७) हे तिसरेच प्रकरण. दक्षिण थायलंडमधील मलय वस्ती, बैलांच्या झुंजी, भावाच्या मृत्यूनंतर सूडाच्या चक्रात सापडलेला मामात. येथे शीर्षकातच रूपांतर सुरू होते. ‘जुआरा’ हा प्रमाण मलय शब्द. ‘जोघो’ हा त्याचाच कलांतान-पत्तानी बोलीतील उच्चार. लेखी भाषेने मुखातील शब्दावर जो संस्कार केला होता तो यू-वेईंनी उतरवून टाकला. कादंबरीपेक्षा चित्रपट मूळ शब्दाच्या जवळ गेला, हे विधान विरोधाभासी वाटले तरी खरे आहे. लोकप्रिय कादंबऱ्यांवरील चित्रपटांना हे धाडस परवडत नाही. त्यांची पात्रे कोठेही जन्मलेली असली तरी कुआलालंपूरच्या दूरदर्शनी मलयमध्येच रडतात.

लोकप्रिय कादंबरीवरील सर्वच चित्रपट एकाच पेचात सापडतात असे मात्र नाही. रामली आवांग मुर्शिद यांच्या ‘तोम्बिरुओ’ (१९९८) या साबाहच्या अरण्यात घडणाऱ्या थरारकादंबरीचा नायक एजीम जन्मतः विद्रूप आहे. तो मुखवटा घालून वावरतो आणि लोक त्याला वनातील पिशाच्च समजतात. वीस वर्षे वाचकांनी या नायकावर प्रेम केले ते त्याचा चेहरा न पाहता. शब्दांना चेहरा दाखवण्याची सक्ती नसते, तेव्हा कादंबरीला यात काही अवघड नव्हते. २०१७ साली सेथ लार्नी यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट झाला तेव्हा हे काम झुल अरिफिन या, चेहऱ्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या नटाकडे आले आणि तो चेहरा झाकून टाकण्यात आला. हारिझच्या बाबतीत चेहऱ्याने मनाची जागा बळकावली होती. येथे चेहराच काढून घेतल्याने नटाला चालणे, झाडाआड थांबणे, मान वळवणे एवढ्यावरच निभवावे लागते. साहसदृश्यांची घाई झाली की चित्रपट ही संधी विसरतो. पण मधूनमधून, अरण्यात तो एकटा असताना, वाचकाने कादंबरीत कल्पिलेला माणूस आणि पडद्यावरचा माणूस यांत भांडण उरत नाही.

प्रेमकादंबरीला अशी सोय नाही. चित्रपटानंतर आणि मालिकांनंतर या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर नटनटींचे चेहरे छापले जाऊ लागले. पूर्वी वाचक हे पुस्तक उघडत असे तेव्हा नायकाला रूप द्यायचे काम तिचे असे आणि निकाहाचे शब्द ती मनात ऐकत असे. आता पान उघडण्यापूर्वीच तिला ठाऊक असते की हे शब्द कोण उच्चारणार आहे, आणि त्या माणसाचा खरा संसार दुसरीकडे आहे हेही.